सहावं नाव

खेळाच्या सरांना कॉलेजात सगळे 'सर' म्हणत असले तरी समजत काहीतरी वेगळंच असतात. मांडव घालायचा, पाहुण्यांच्या गाड्या ओळीत लावून घ्यायच्या, पंधरा ऑगस्टला झेंड्याची गाठ अडकली तर ती सोडवायची, अशा वेळी 'हेमराज कुठंय?' म्हणून हाक व्हायची. एरवी हेमराज सर स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत हवा गेलेल्या फुटबॉलसारखे पडून असत. अकरा वर्षं झाली होती, पण नेमणूक दर जूनला नव्यानं व्हायची. दर जूनला प्राचार्यांपुढं हात बांधून उभं राहायचं आणि ते म्हणतील त्याला 'हो सर' म्हणायचं, एवढं कसब त्यांनी कुठल्याही खेळापेक्षा जास्त कमावलं होतं.

यंदा प्राचार्य म्हणाले, "विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना आपले पाच संघ गेले पाहिजेत. सुटे खेळाडू नकोत. अहवालात संघच धरतात."

"हो सर," हेमराज सर म्हणाले.

कॉलेज साक्रीच्या पलीकडं, डोंगराला टेकून. कबड्डीचा संघ गेला, खो-खोचा गेला, व्हॉलीबॉल आणि कुस्तीचं ओढूनताणून जमवलं. पाचवा राहिला मुलींच्या क्रॉस कंट्रीचा, म्हणजे मैदान सोडून टेकड्या-टेकाडांवरून दहा किलोमीटर पळण्याचा. त्याला सहा मुली लागतात आणि सरांकडं होत्या पाच. त्या पाच जणी सुट्या पळाल्या असत्या तर कोणी अडवलं नसतं. पण सुट्यांचा संघ होत नाही, आणि संघ झाला नाही तर पुढच्या जूनला काय होईल, हे सरांना कोणी सांगायला नको होतं.

नवी मुलगी धरायची म्हणजे बापाची संमती आली, डॉक्टरचा दाखला आला, बारावीची गुणपत्रिका आली, फोटो आले. शेवटच्या तारखेला दुपारी चार वाजता हे कुठून आणायचं? सरांनी कपाट उघडलं. वरच्याच फायलीत एका मुलीचं सगळं तयार होतं. फोटो चिकटवलेला, दाखले टाचलेले, नोंदणी क्रमांक घातलेला. खेळाडूची सही तेवढी राहिली होती. सरिता बागुल, कला शाखा, दुसरं वर्ष.

सरिता आषाढात वाहून गेली होती.

गावालगतच्या नाल्यावरची फरशी, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूल, ओलांडताना तिचा पाय सुटला आणि तिसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्यात ती सापडली. कॉलेजनं दोन मिनिटं शांतता पाळली आणि नाव कमी करण्याचं काम कारकुनावर सोपवलं. कारकुनानं ते नेहमीप्रमाणे उद्यावर टाकलं, म्हणून विद्यापीठाच्या यादीत पोरगी अजून शिकत होती.

आता एक सांगितलं पाहिजे, नाव लावण्याची ही रीत काही हेमराज सरांनी काढलेली नाही. संघ पुरा करायला कुणाचं तरी नाव लावायचं, एखादी मुलगी जर्सी घालून रेषेवर उभी करायची, शिट्टी झाली की तिनं शंभर पावलं पळायचं आणि पोटात दुखतंय म्हणून बाजूला बसायचं. संघासाठी वरच्या चौघींचेच क्रमांक धरतात, त्यामुळं सहावीची चौकशी कोणी करत नाही. बरेच जण करतात. पण निदान ते जिवंत मुलीचं नाव लावतात. हेमराज सरांनी घड्याळाकडं पाहिलं, राहिलेल्या जागी इंग्रजीत एक तिरकी सही ओढली आणि फॉर्म पाठवून दिला. मग त्यांनी चहा मागवला.

पळणारी म्हणावी अशी त्या पाच जणींत एकच होती, रुपली. सरिताच्याच गावची, दिवल्या चौरेची पोर. दोघी रोज सकाळी डोंगर चढायच्या आणि उतरायच्या, सरिता पुढं आणि रुपली मागं. दिवाळी उलटली की ते गाव ऊसतोडीला गुजरातेत उतरतं, मागं राहतात म्हातारी माणसं आणि कुत्री. यंदा दिवल्या रुपलीलाही नेणार होता. सर दोनदा त्याच्या ओट्यावर जाऊन भांडून आले. दुसऱ्या खेपेला दिवल्या कंटाळून म्हणाला, "इद्यापीठना संघमा निवडाई गई, ते ऱ्हाऊ द्या तिले. नही ते मी लई जासू."

विद्यापीठाच्या संघात पहिल्या सहा मुली घेतात. गेल्या वर्षी रुपली नववी आली होती. यंदा सहाच्या आत आली तर कॉलेज, नाहीतर कोयता, इतका सरळ हिशेब होता. आणि रुपलीच्या बाबतीत सर खरोखर कळवळ्याचे होते. माणूस लबाड होता, पण वाईट नव्हता.

सरिताच्या नावावर उभं राहायला सरांनी दिपमाला नावाची मुलगी ठरवली होती. तिला पळण्यात काडीचा रस नव्हता, जळगाव बघायचं होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळे एसटीनं निघाले आणि धुळ्याच्या स्टॅंडवर दिपमाला उतरली ती ओकतच. तिची मावशी तिथल्याच देवपुरात राहायची. सरांनी फोन करून मावशीला बोलावलं आणि पोरगी तिच्या हवाली केली. एका परीनं त्यांना सुटल्यासारखंच झालं. उद्या टेबलावर सांगून टाकू की सहावी आजारी पडली, पाच जणी सुट्या पळतील. पाप टळलं आणि दोष गेला दिपमालाच्या पोटावर, असं मनाशी म्हणत त्यांनी जळगावची गाडी पकडली.

विद्यापीठ गिरणेच्या पुलापलीकडं टेकडीवर आहे. ऑक्टोबरचं ऊन सकाळी सातलाच चटके देत होतं. पंचवीस-तीस कॉलेजांच्या मुली हातपाय मोकळे करत होत्या, माईकवर कोणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होता. सर पोचतात न पोचतात तोच त्यांना पंचांच्या बैठकीचं बोलावणं आलं. बाहेरगावच्या खेळशिक्षकांना अशी कामं वाटून देतातच. सरांनी जर्सींचं गाठोडं आणि छातीवर लावायच्या नंबरांचं पाकीट रुपलीच्या हातात दिलं. "वाटून टाक," म्हणाले, आणि पळाले.

बैठकीतून ते नोंदणीच्या टेबलावर आले. तिथं जितेंद्र नावाचा चष्मेवाला कारकून यादी घेऊन बसला होता.

"आमची एक मुलगी..." सरांनी सुरुवात केली.

"साक्री ना? आल्या की तुमच्या. सहाच्या सहा. रेषेजवळ उभं करून नंबर बघितले मी." त्यानं यादी फिरवून दाखवली. रुपलीच्या एकशे तेरापासून सरिताच्या एकशे अठरापर्यंत सहा टिकमार्क होते, सगळे एका शाईचे.

सरांच्या ओठावर शब्द आला होता. पण आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. जितेंद्रची मोजताना चूक झाली असेल, तर ती सुधारणारे आपण कोण? टिकमार्क झाला म्हणजे संघ झाला, संघ झाला म्हणजे पाच झाले. "बरं बरं," असं म्हणून सर तिथून सटकले. तोंड उघडायची वेळ हीच होती आणि ती त्यांनी हातानं घालवली.

त्यांना काम मिळालं वळणावरचं. पाच किलोमीटरवर, टेकडीच्या मागच्या अंगाला पाण्याची टाकी होती, तिला वळसा घालून मुली परत फिरणार होत्या. कोणी मधूनच फिरू नये म्हणून तिथं प्रत्येकीचा नंबर लिहून घ्यायचा. सोबतीला जळगावच्याच एका कॉलेजच्या कामिनी मॅडम होत्या. मोठ्या आवाजाच्या, हसतमुख बाई. त्या म्हणाल्या, "माझी नजर चांगली आहे, मी नंबर सांगते, तुम्ही लिहा." सर मान खाली घालून वही मांडीवर धरून बसले.

आजूबाजूला कपाशी फुटली होती. लांब महामार्गावरून केळीचे ट्रक जात होते. त्यांचा आवाज बंद झाला की टेकडीवर काहीच ऐकू येत नसे.

"आल्या," मॅडम म्हणाल्या. "चौऱ्याहत्तर. एकवीस. लिहिलं? एकशे दोन. त्यांच्यामागं नऊ आणि बावीस, जोडीनं. एकशे अठरा. एकशे तेरा."

सरांनी सातही आकडे लिहिले. सातवा लिहिताना सहावा त्यांच्या ध्यानात आला आणि त्यांनी झटकन मान वर केली. टाकीला वळसा घालून रुपली चालली होती. एकटीच होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि नजर दोन हात पुढं, खांद्याएवढ्या उंचीवर खिळलेली होती.

"तुमच्याच ना हो दोघी?" कामिनी मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "पुढची काय पळते! आणि अनवाणी. एवढ्या मुरमात तळपाय फाटायचे एखादीचे."

"कोण अनवाणी?"

"अहो, आत्ता गेली ती. एकशे अठरा. तुमची मुलगी तुम्हालाच माहीत नाही होय?"

सरांनी वहीतला आकडा पुन्हा पाहिला. सरिताला त्यांनी स्वतः बूट मिळवून दिले होते आणि ती ते हातात धरून पळायची. शर्यतीच्या दिवशी झाडाखाली काढून ठेवायची. पण दिपमालाच मागच्या गाडीनं आली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ओकारी थांबली असेल, जळगाव बघायचा नाद गेला नसेल. सर टाकीच्या सावलीत गेले आणि त्यांनी फोन लावला. मावशीनं उचलला. दिपमाला तिच्या शेजारीच बसून पेज पीत होती. तिनं फोन घेऊन सरांची माफीसुद्धा मागितली.

शेवटची मुलगी वळून गेली तसे सर मॅडमच्या स्कूटीवर मागं बसून आडवाटेनं शेवटच्या रेषेवर आले. मुली अजून यायच्या होत्या. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा आणि त्यामागं दोनशेक माणसं उभी होती. रेषेवरचा पंच हातात क्रमांकांचे पुठ्ठे घेऊन तयार होता. जी आत येईल तिच्या हातात तिचा पुठ्ठा द्यायचा, म्हणजे मागाहून भांडण नको.

पहिली आली, दुसरी आली. तिसरी आणि चौथी एका श्वासाच्या अंतरानं आल्या, पाचवी रेषेवरच बसली. सर गर्दीतून वाट काढत अगदी पुढं जाऊन उभे राहिले. आता जे येईल ते डोळ्यांनी बघायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

वाट मोकळी होती. तांबड्या मुरमावर ऊन पसरलं होतं. आणि त्या मोकळ्या वाटेवरून माणसांच्या नजरा सरकत येत होत्या. पलीकडं उभ्या असलेल्या पोरी, शिक्षक, पाण्याचे ग्लास देणारा बाबा, सगळ्यांच्या माना एकाच वेगानं डावीकडून उजवीकडं वळत होत्या. "चल, चल, चल!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या त्या नजरांबरोबर जवळ जवळ येत गेल्या. सरांच्या समोरून काहीही गेलं नाही, वारासुद्धा नाही. रेषेवरच्या पंचानं सहाचा पुठ्ठा पुढं केला, "शाब्बास, पोरी," असं म्हणाला, आणि हात मागं घेतला तेव्हा त्याच्या हातात पुठ्ठा नव्हता.

दोन पावलं मागून रुपली आली. तिच्या हातात सात आला.

सरांना सगळ्यात भयंकर वाटलं ते हे, की आपण सोडून सगळ्यांना दिसतंय. भुताच्या गोष्टीत एकट्याला दिसतं आणि बाकीचे हसतात. इथं उलटाच प्रकार होता. दोनशे शहाण्या माणसांनी दिवसाउजेडी एका मुलीसाठी टाळ्या वाजवल्या होत्या आणि तिला शिकवणारा तेवढा आंधळा ठरला होता.

रुपली लिंबाच्या झाडाखाली एकटी बसली होती. सात नंबरचा पुठ्ठा तिनं मातीत पालथा ठेवला होता. सर तिच्यापुढं उकिडवे बसले.

"सहावी जर्सी कुणाला दिलीस?"

"जिनं हात पुढे करा तिले."

"अगं पण कोण होती?"

"मी खाले दखी ऱ्हायंती, सर. पिना मोजी ऱ्हायंती. हात दखा फक्त. मनगटवर गोंदेल व्हतं." तिनं पालथा पुठ्ठा मातीत दाबला. "मंग मी मान वर करीच नही."

सरिताच्या मनगटावर आईनं गोंदवलेले तीन ठिपके होते. सरांना ते माहीत होते, कारण नाडी मोजताना ते नेहमी त्यांवरच अंगठा ठेवत.

"ती सगळी वाट मना पुढे व्हती," रुपली म्हणाली. "रोज डोंगरवर ऱ्हाये तशीच. शेवटला चढले ती दमनी. माले पुढे जाता येत व्हतं, सर."

"मग गेली का नाहीस? एक नंबर, रुपली! एका नंबरासाठी..."

"पुढे जाती, ते तिनं तोंड दिसतं." रुपलीनं दोन्ही हातांनी गुडघे आवळून धरले. "बंधारामातून काढं, तव्हय मी दखेल शे ते. माले परत नही दखनं."

ती रडली नाही. घामानं थबथबलेल्या अंगावर भर उन्हात काटा आलेला सरांना दिसत होता. तिनं एकदाच विचारलं, "आते बाप लई जाई ना माले?"

पण सर म्हणजे मुरलेले सर. त्यांचं डोकं अशाही वेळी कागदाकडंच धावलं. सहावीनं माघार घेतली की सातवी आपोआप वर चढते, हा नियम त्यांना पाठ होता. त्यांनी वहीचं पान फाडलं आणि 'आमची खेळाडू कुमारी सरिता बागुल ही प्रकृती अस्वास्थ्यामुळे विद्यापीठ संघातून माघार घेत आहे' असा अर्ज खरडला. खाली तिची सही लागणार होती. एकदा केलेली सही दुसऱ्यांदा करायला कितीसा वेळ लागतो! ती ठोकून ते मुख्य पंचांच्या खोलीकडं निघाले.

मुख्य पंच बन्सीलाल सर निवृत्तीला आलेले, जाड भिंगांचा चष्मा, तीस वर्षं हातात घड्याळ धरलेला माणूस. टेबलावर तीन करंडक मांडले होते. सर आत येताच ते म्हणाले, "या, या. अभिनंदन. सांघिक तिसरा क्रमांक तुमचा. सहावी आणि सातवी दोन्ही तुमच्या, मग काय!" त्यांनी सगळ्यांत लहान करंडकावर टिचकी मारली.

सरांनी क्षणभर त्या करंडकाकडं पाहिलं. प्राचार्यांच्या टेबलावर तो कसा दिसेल हेही त्यांच्या मनात येऊन गेलं, कशाला खोटं बोला. मग त्यांनी अर्ज पुढं सरकवला.

बन्सीलाल सरांनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला. "माघार? अहो, आत्ता दहा मिनिटांपूर्वी ती मुलगी इथं येऊन विद्यापीठ संघाच्या सराव शिबिराच्या संमतीपत्रावर सही करून गेली. कामिनीताई, तुम्हीही होतात ना?"

कोपऱ्यात निकालाचे कागद लावत बसलेल्या कामिनी मॅडमनी मान हलवली. "मी पाणी विचारलं तिला. नको म्हणाली."

बन्सीलाल सरांनी संमतीपत्र काढून अर्जाशेजारी ठेवलं. मग जरा विचार करून मूळ प्रवेशाचा फॉर्मही काढला. तीन कागद ओळीत आले. फॉर्मवर आणि अर्जावर इंग्रजीतली तिरकी सही होती. संमतीपत्रावर मराठीत, बापाच्या नावासकट, पूर्ण नाव होतं, शिरोरेघ पट्टी लावल्यासारखी सरळ. हजेरीच्या वहीत वर्षभर सरांनी तेच अक्षर पाहिलं होतं.

"या दोन जुळतात. ही जुळत नाही," बन्सीलाल सर हळू म्हणाले. "हेमराज, सरळ विचारतो. दुसरीच पोरगी पळवलीत का? यातली खरी सही कोणती?"

'संमतीपत्रावर घाईत केली असेल, सर', एवढं एक वाक्य पुरलं असतं. माणसं समजूतदार होती, ऊन वाढलं होतं, सगळ्यांना घरी जायचं होतं. करंडक पिशवीत गेला असता.

"सर, आधी एक सांगा," हेमराज सर म्हणाले. "संघ बाद झाला, तर बाकीच्या मुलींचं काय होतं?"

"ज्या आपल्या पायांनी पळाल्या, त्यांचे क्रमांक त्यांचेच. बाद होतो तो संघ, आणि संघ लावणारा."

"मग ही खरी." सरांनी संमतीपत्रावर बोट ठेवलं. "बाकी दोन्ही मी केल्या. सरिता बागुल मेलीय, सर. आषाढात. मी मेलेल्या पोरीचं नाव लावलं."

कामिनी मॅडम हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. हेमराज सर बोलायला लागले, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. जे त्यांनी तीन महिने बायकोलाही सांगितलं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं. सगळ्यांना वाटत होतं की पोरगी त्या दिवशी बाजाराला निघाली होती. बाजार नव्हता. हेमराज सरांचा फोन होता. आज सगळे फॉर्म पुरे करायचेत, आजच्या आज सही करून जा, नाहीतर नाव काढून टाकीन. ती म्हणाली, सर, फरशीवरून पाणी जाई ऱ्हायनं. आणि ते म्हणाले, एवढे डोंगर पळणारी तू, पाण्याला भितेस?

"त्या सहीची काही घाई नव्हती," हेमराज सर म्हणाले. "एक महिना होता अजून. मला ती फाइल त्या दिवशी बंद करायची होती, एवढंच."

बाहेर कुणीतरी बक्षिसांसाठी खुर्च्या मांडत होतं. बन्सीलाल सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, निकालाचा कागद ओढला आणि लाल पेन उघडलं. तीस वर्षांचा सराव म्हणा, पण त्यांचा हात स्थिर होता. "मेलेल्याला क्रमांक देता येत नाही," ते कागदाला सांगावं तसे म्हणाले. "तशी तरतूद नाही." त्यांनी एकशे अठरावर रेघ मारली, सातचा सहा केला, शेजारी सही केली. करंडक उचलून खाली ठेवला. "तुमच्या कॉलेजला पत्र जाईल. मला ते थांबवता येणार नाही."

"नका थांबवू," हेमराज सर म्हणाले आणि खोलीबाहेर आले.

व्हरांड्याच्या पायरीवर सरिता बसली होती.

त्यांना ती आता दिसली. कॉलेजची जर्सी, छातीवर एकशे अठरा, पाय घोट्यापर्यंत मुरमानं तांबडे. धाप अजून पुरती बसली नव्हती, खांदे वरखाली होत होते. रुपली ज्याला भ्याली होती तसं तिच्या तोंडावर काही नव्हतं. तोंड तिचंच होतं, एकोणीस वर्षांच्या दमलेल्या पोरीचं, ओठांवर घाम. सर आलेले बघून ती उभी राहिली, वर्गात राहायची तशी.

"सर, मनं नाव काढी टाकं?"

सरांना पळून जावंसं वाटलं. "हो," ते म्हणाले.

"रुपलीनं लागनं?"

"लागलं."

तिनं मान हलवली. तिला ते बरं वाटलं, हे स्पष्ट दिसलं. मग तिनं एकेक पिन काढली, नंबराची घडी घातली आणि सहाच्या पुठ्ठ्यासकट ती सरांपुढं धरली. सरांनी ओंजळ केली. तिची बोटं ओंजळीला लागली, ती गार नव्हती, पळून आलेल्या माणसाची असतात तशी गरम होती. सरांना रडू फुटलं ते तेव्हा.

"मंग माले बलावं कसाले, सर?" तिनं विचारलं.

आवाजात राग नव्हता. न समजलेला धडा विचारावा तसं तिनं विचारलं होतं. मैदानावर माईक खरखरला, सहावी म्हणून रुपली चौरेचं नाव पुकारलं गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर भरल्या ओंजळीनं तिथंच उभे होते. सरिता त्यांच्यासमोर उत्तराची वाट बघत उभी राहिली.